इंग्लंडमध्ये नवीन आहात आणि पाळी चुकली: फोनवरून गर्भपाताच्या गोळ्या कशा मिळतात

"शेवटची पाळी कधी आली होती?"

नर्स हा प्रश्न इंग्रजीत विचारते, मी मराठीत विचारते, आणि उत्तर क्वचितच तारखेत येतं. "पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी." "आईचं परतीचं विमान होतं ना, त्याच्या आदल्या रात्री." मग आम्ही दोघी आपापल्या टोकाला कॅलेंडर उघडून बसतो.

मी इंग्लंडमध्ये राहते आणि फोनवरून दुभाष्याचं काम करते. कुणा एकीची गोष्ट इथे सांगणार नाही, सांगायची मुभाही नाही. पण शिकायला आलेल्या मुली, नवऱ्याच्या नोकरीमुळे आलेल्या बायका, केअर होममध्ये काम करणाऱ्या, सगळ्यांचे प्रश्न आणि धास्ती इतकी सारखी असते, की एकदा सलग लिहून काढावं असं वाटलं. मी डॉक्टर नाही. तुमच्या तब्येतीचा निर्णय फोनवरची नर्स आणि डॉक्टर घेतील. त्या फोनपर्यंत कसं पोचायचं आणि पुढे काय काय होतं, एवढंच मी सांगते.

हे सगळं इंग्लंडबद्दल आहे. वेल्समध्ये जवळपास असंच चालतं. स्कॉटलंडमध्ये घरी गोळ्या घेण्याची मुदत थोडी जास्त, १२ आठवड्यांपर्यंत आहे. उत्तर आयर्लंडची व्यवस्था वेगळी आहे, तिथे राहत असाल तर हा लेख उपयोगाचा नाही.

परवानगी कुणाची लागते?

तुमची. नवऱ्याची सही लागत नाही, सासरच्यांना कळवावं लागत नाही. १९७८ मध्ये इथल्या एका नवऱ्याने बायकोचा गर्भपात थांबवावा म्हणून कोर्टात धाव घेतली होती. कोर्टाने सांगितलं की त्याला तसा हक्क नाही. खरं तर भारतातही सज्ञान बाईची स्वतःचीच संमती पुरते, १९७१ च्या कायद्यात नवऱ्याच्या सहीचा उल्लेखच नाही. पण आपल्याकडच्या कित्येक दवाखान्यांत "मिस्टरांना घेऊन या" हे वाक्य इतकं रुळलंय, की बायका इथेही तोच प्रश्न घेऊन येतात.

जीपीची, म्हणजे आपल्या नेहमीच्या फॅमिली डॉक्टरची, चिठ्ठीही लागत नाही, थेट फोन करता येतो. जीपीला कळवायचं का, हे तुम्हाला विचारतात आणि 'नको' म्हटलं तर एरवी कळवत नाहीत. तुमच्या किंवा आणखी कुणाच्या जिवाला धोका दिसला, तरच त्याला अपवाद.

१९६७ च्या इथल्या कायद्यानुसार दोन डॉक्टरांनी एका फॉर्मवर सही करावी लागते. ऐकायला जड वाटतं, पण ते काम संस्थेच्या आत होतं आणि त्या दोघांना तुम्हाला भेटावंही लागत नाही. नर्स कारण विचारेल तेव्हा एक-दोन वाक्यं पुरतात. आपल्या बायका पाच मिनिटं सफाई देत बसतात, मग नर्सच मध्ये म्हणते, "कळलं, एवढं पुरे."

पैसे

स्टुडंट, स्किल्ड वर्कर, डिपेंडंट अशा व्हिसावर सहा महिन्यांहून जास्त काळासाठी आला असाल, तर व्हिसाच्या वेळी इमिग्रेशन हेल्थ सरचार्ज भरलेला असतो. फेब्रुवारी २०२४ पासून तो मोठ्यांसाठी वर्षाला १,०३५ पौंड आणि विद्यार्थ्यांसाठी ७७६ पौंड आहे. हेल्थ अँड केअर वर्कर व्हिसावाल्यांना तो माफ आहे, पण हक्क तोच. त्यात गर्भपाताची सेवा येते, वेगळे पैसे पडत नाहीत. नवऱ्याच्या कंपनीला कळत नाही आणि याने व्हिसाला धक्का लागत नाही. व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांना मात्र खाजगी दराने पैसे भरावे लागतात. किती, ते पहिल्याच फोनवर विचारून घ्या.

गावाकडून 'किट' मागवू नका

हे मी ठळक अक्षरांत लिहिलंय, कारण पहिला विचार हाच येतो. आपल्याकडे कायद्याने चिठ्ठी लागते, तरी कितीतरी मेडिकलमध्ये 'किट' म्हटलं की काउंटरवर येतं. मग बहिणीला सांगायचं, ती कुणा येणाऱ्याच्या बॅगेत टाकेल. औषधं तीच असतात, हे खरं. पण गर्भ किती आठवड्यांचा आहे, तो पिशवीत आहे की नळीत, हे कुणी तपासलेलं नसतं. रात्री दोन वाजता रक्त थांबेना तर फोन कुणाला करायचा, हेही ठरलेलं नसतं. शिवाय कायद्याच्या चौकटीबाहेर अशा गोळ्या घेणं इथे १८६१ च्या एका जुन्या कायद्याखाली २०२५ पर्यंत तरी गुन्हा ठरत होतं. जी गोष्ट इथे रीतसर आणि बहुतेकींना फुकट मिळते, तिच्यासाठी एवढी जोखीम कशाला?

पहिलं काम: तारीख

गर्भाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. संबंध आला त्या दिवसापासून किंवा पाळी चुकली त्या दिवसापासून नाही. इथे हमखास घोळ होतो. "पाळी चुकून दोन आठवडे झाले, म्हणजे दोन आठवड्यांची" असं बाई म्हणते, तेव्हा नर्सच्या हिशोबाने सहा आठवडे झालेले असतात.

गोळ्यांच्या गर्भपातात एकापाठोपाठ दोन औषधं घेतात. इंग्लंडमध्ये ती दोन्ही घरी घ्यायची असतील, तर पहिली गोळी घेताना ९ आठवडे ६ दिवसांपेक्षा जास्त झालेले चालत नाहीत. उदाहरण घेऊ. २०२५ चा पाडवा ३० मार्चला होता आणि दुसऱ्या दिवशी, ३१ मार्चला पाळी आली. २ जूनला ९ आठवडे भरले आणि ८ जून हा शेवटचा दिवस. त्यात फोन, तपासणी आणि टपालाचे दिवस धरा. म्हणजे मेच्या सुरुवातीला चाचणीवर दोन रेघा दिसल्या, तर महिना आहे म्हणून स्वस्थ बसून चालणार नाही.

पीसीओडीमुळे पाळी कधीही येत असेल, अंगावर पाजत असाल, किंवा तारीख खरोखरच आठवत नसेल, तर अंदाज ठोकून देऊ नका. "नक्की माहीत नाही" असं सांगा, ते सोनोग्राफीला बोलावतील. ती मुदत मोजायला आणि गर्भ योग्य जागी आहे ना हे बघायला असते, मुलगा-मुलीचा तिथे काही संबंध नसतो. दहा आठवडे उलटून गेले असतील तरी दार बंद होत नाही. मग घरी गोळ्यांऐवजी क्लिनिकमध्ये जावं लागतं, इतकंच.

दुसरं काम: फोन

गूगलवर शोधून पहिली दिसली ती लिंक दाबू नका. मोफत चाचणी आणि समुपदेशनाच्या नावाखाली तुमचं मन वळवू पाहणारी केंद्रंही तिथे सापडतात. एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, वेबसाइटवर गर्भपाताचं पान आहे, तिथून जा. बीपॅस, म्हणजे ब्रिटिश प्रेग्नन्सी अ‍ॅडव्हायझरी सर्व्हिस, एमएसआय रिप्रॉडक्टिव्ह चॉइसेस आणि न्यूपास या तीन संस्था एनएचएससाठी हे काम करतात. काही भागांत स्थानिक रुग्णालयही करतं. तुमचा पिनकोड सांगितला की कुठली सेवा लागू पडते ते कळतं. फोन केला म्हणजे ठरवलं, असं होत नाही. नंतर "नको" म्हणता येतं, अगदी पाकीट घरी आल्यावरही. म्हणून मी म्हणते, विचार चालू असला तरी फोन आजच करा.

इंग्रजी अडत असेल तर सुरुवातीलाच म्हणा, "मराठी इंटरप्रिटर, प्लीज." त्याचे पैसे पडत नाहीत. मराठी माणूस त्या वेळेला मिळाला नाही, तर हिंदी चालेल का तेही आधी ठरवून ठेवा. नवरा, नणंद, मैत्रीण यांना भाषांतराला बसवू देत नाहीत आणि ते योग्यच आहे. नवऱ्यासमोर "कुणाचा दबाव आहे का" याचं खरं उत्तर कोण देणार?

एक धास्ती मला सतत ऐकू येते: इथे मराठी माणसं मोजकी, दुभाषी निघाली मंडळातलीच तर? फोनवर आम्ही बहुधा नाव सांगत नाही, नंबर सांगतो, आणि बऱ्याचदा दुसऱ्याच शहरात बसलेल्या असतो. ऐकलेलं बाहेर न बोलणं ही आमच्या कामाची पहिली अट आहे. तरीही आवाज ओळखीचा वाटला तर "दुसरी व्यक्ती द्या" म्हणा. कारण सांगावं लागत नाही आणि आम्हाला राग येत नाही.

नर्सशी बोलणं

एनएचएससाठीच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, मागणी केल्यापासून आठवड्याभरात हे बोलणं आणि त्यानंतरच्या आठवड्यात उपचार व्हायला हवेत. ठरल्या वेळी फोन येतो तेव्हा पडद्यावर बहुधा नंबर दिसत नाही. तो उचला. अनोळखी म्हणून कट केलेला फोन म्हणजे पुन्हा रांगेत उभं राहणं.

घर भरलेलं असेल, सासूबाई सहा महिन्यांसाठी आलेल्या असतील, तर वेळ ठरवतानाच तसं सांगा. फोन पार्कातून घ्या, गाडीत बसून घ्या. नर्स आधी विचारते, "आत्ता मोकळेपणी बोलता येईल का?" नसेल तर फक्त "नाही" म्हणा, ती नंतर करेल. ठेवावं म्हणून असो की पाडावं म्हणून, घरातून जबरदस्ती होत असेल, तर ते सांगण्याची जागा हीच. तुम्ही अठराच्या आतल्या असाल तर विचारपूस जास्त होते, प्रत्यक्ष भेटायलाही बोलावतात.

मग तब्येतीचे प्रश्न येतात. आधी कधी नळीत गर्भ राहिला होता का? तांबी बसवलेली आहे का? रक्त पातळ करायची गोळी, रोजची स्टिरॉइड, रक्त न गोठण्याचा आजार, आटोक्यात नसलेला दमा, मूत्रपिंडाच्या वरच्या ग्रंथीचा आजार, यातलं काही? एका बाजूला पोट दुखतंय का, रक्त जातंय का? "हो" आलं म्हणजे नकारच असं नाही, कदाचित आधी तपासायला बोलावतील. सिझर झालेलं असेल तर तेही सांगा, पण तेवढ्याने गोळ्या अडत नाहीत.

बॅग भरून आणलेली भारतातली औषधं जवळ घेऊन बसा. ब्रँडचं नाव इथे कुणाला कळत नाही, पट्टीवरच्या बारीक अक्षरांतलं औषधाचं नाव वाचून दाखवा. दुखण्यासाठी आपण ज्या गोळ्या सवयीने घेतो, त्यांची इथे दुबार होते. क्रोसिन म्हणजे पॅरासिटामॉल. कॉम्बिफ्लॅममध्ये आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल दोन्ही असतात. मेफ्टाल स्पासमधलं मेफेनॅमिक अ‍ॅसिड आयबुप्रोफेनच्याच जातीचं. इथली वेदनाशामकं घेऊन वर ही घेऊ नका.

पाकीट

टपालाने येणारं पाकीट साधं असतं, आत काय आहे हे बाहेरून कळत नाही. शेअर्ड घरात राहत असाल आणि पत्रं भलतंच कुणी उघडत असेल, तर क्लिनिकमधून घेऊन जाता येतं का विचारा. क्लिनिकबाहेर कुणी पोस्टर घेऊन अडवेल अशी भीती असेल, तर ऑक्टोबर २०२४ पासून इंग्लंडमध्ये अशा ठिकाणांभोवती १५० मीटरच्या आत त्रास देणं, मन वळवायचा प्रयत्न करणं गुन्हा आहे.

आत मिफेप्रिस्टोनची एक गोळी, मिसोप्रोस्टॉलच्या काही गोळ्या, माहितीपत्रक आणि नंतर करायची चाचणी असते. वेदनाशामकही पाठवतात, पण घरात आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल असू द्या, कुठल्याही सुपरमार्केटमध्ये मिळतं. जाड, मोठे पॅड आणा. टॅम्पॉन किंवा कप या काळात नको, कारण किती जातंय ते दिसायला हवं.

पत्रक इंग्रजीत असेल आणि समजत नसेल, तर गोळी घेण्याआधी फोन करून दुभाष्याबरोबर ते समजून घ्या. तिकडे मंडळाचा कार्यक्रम आहे, दोन दिवस मैत्रिणीकडे जायचंय, म्हणून पाकीट बॅगेत टाकून नेऊ नका. कायद्याने ही सोय तुमच्या नेहमीच्या राहत्या घरासाठी आहे. भारताचं तिकीट काढलेलं असेल तर तेही नर्सला आधीच सांगा.

गोळ्यांचे दोन दिवस

मिफेप्रिस्टोन पाण्याबरोबर गिळायची. गर्भ टिकवून धरणाऱ्या प्रोजेस्टेरॉनचं काम ती थांबवते. नंतर बहुतेकींना काही जाणवत नाही, नेहमीची कामं होतात. तासाभरात उलटी झाली तर फोन करा, पुन्हा गोळी लागू शकते.

दुसरं औषध पत्रकात दिलेल्या अंतराने, साधारण २४ ते ४८ तासांनी घ्यायचं. म्हणून पहिली गोळी कधी घ्यायची हे उलट्या बाजूने मोजून ठरवा. शुक्रवारी संध्याकाळी पहिली घेतली, तर शनिवार-रविवार मोकळा मिळतो. नोकरी असेल तर सात दिवसांपर्यंतच्या आजारपणाला डॉक्टरचं सर्टिफिकेट लागत नाही. "पोटाचा त्रास" एवढं कळवलं तरी खोटं नाही.

मिसोप्रोस्टॉल पत्रकात सांगितल्याप्रमाणे योनीतून, जिभेखाली किंवा गालात ठेवून घ्यायचं. गालात ठेवायचं असेल तर आधी घोटभर पाणी पिऊन तोंड ओलं करा. गाल आणि हिरडी यांच्या मधल्या खोबणीत दोन्ही बाजूंना गोळ्या ठेवायच्या आणि अर्धा तास गप्प बसायचं. खडूसारखी चव येते, पिठूळ होतात. अर्ध्या तासानंतर उरलेलं पाण्याबरोबर गिळून टाकायचं. वेदनाशामक त्याआधी घेतलेलं बरं, कळा सुरू होऊन वाढल्यावर त्यांच्या मागे धावावं लागतं. पोटात काहीतरी हलकं असू द्या. मऊ भात, टोस्ट, काहीही.

थोड्या तासांत पोटात कळा येतात आणि अंगावरून जायला लागतं. नेहमीच्या पाळीपेक्षा बरंच जास्त, गाठींसह. "थोडं दुखेल" असं सांगून बायकांना गाफील ठेवणं मला पटत नाही. काहींना खरंच खूप दुखतं. गरम पाण्याची पिशवी, बाथरूमजवळची खोली आणि शक्य असेल तर घरात एक विश्वासाचं माणूस, एवढं आधी जमवा. थंडी वाजणं, अंग तापणं, जुलाब हे या औषधाने होतं आणि काही तासांत ओसरतं. नऊ आठवड्यांच्या आसपास असाल तर गाठींमध्ये गर्भ ओळखता येण्यासारखा दिसू शकतो. हे आधी माहीत असलेलं बरं. आतून तयारी नसेल तर न बघता फ्लश केलं तरी चालतं.

"मग पिशवी धुवावी लागेल का?" हा प्रश्न दर दुसऱ्या फोनवर येतो. सहसा नाही. फोनवरून दिल्या जाणाऱ्या या सेवेचा इथे ५२,१४२ जणींवर अभ्यास झाला होता, तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. नव्या पद्धतीत ९८.८ टक्के वेळा गोळ्यांनीच काम झालं आणि सरासरी थांबणं १०.७ दिवसांवरून ६.५ दिवसांवर आलं. कोविडमध्ये, मार्च २०२० मध्ये तात्पुरती म्हणून सुरू झालेली ही सोय ऑगस्ट २०२२ पासून कायमची झाली.

कधी लगेच फोन करायचा

संस्थेचा मदतीचा नंबर २४ तास चालू असतो. गोळ्या घेण्याआधीच तो मोबाइलमध्ये टाकून ठेवा. हे झालं तर थांबू नका:

- लागोपाठ दोन तास, दर तासाला दोन किंवा जास्त मोठे पॅड पूर्ण भिजले.
- मिसोप्रोस्टॉल घेऊन २४ तास झाले तरी रक्त गेलंच नाही, किंवा नुसते डाग पडले.
- पोटात एकाच बाजूला सतत दुखतंय, किंवा खांद्याच्या टोकाला दुखतंय. गर्भ नळीत असल्याची ही खूण असू शकते.
- दुसऱ्या दिवशीही ताप उतरला नाही, किंवा घाण वास येणारं पाणी जातंय.

चक्कर येऊन पडलात, श्वास लागला, रक्त थांबतच नाही, तर थेट ९९९, म्हणजे अँब्युलन्सचा नंबर. संस्थेचा फोन लागत नसेल आणि तेवढी तातडी नसेल, तर १११, म्हणजे एनएचएसचा सल्ल्याचा नंबर. इमर्जन्सीत गेलात तर कोणत्या गोळ्या कधी घेतल्या ते खरं सांगा. इथे ही सेवा कायदेशीर आहे आणि अर्धवट माहितीवर उपचार चुकतात.

नंतरचे तीन आठवडे

रक्त कमी होत होत साधारण दोन आठवडे जातं, कधी त्याहून जास्त. कुणाला मोकळं वाटतं, कुणाला रडू येतं, कुणाला दोन्ही एकाच दिवशी. याबद्दल बोलायचं असेल तर संस्थेचं समुपदेशन मिळतं, तिथेही दुभाषी मागता येतो.

पाकिटातली चाचणी सांगितलेल्या दिवशीच करा, बहुधा तीन आठवड्यांनी. आठव्या दिवशी अधीर होऊन दुकानातली पट्टी आणून बघितली, तर हार्मोन अजून शरीरात असल्यामुळे ती उगाच 'पॉझिटिव्ह' दाखवते आणि सगळं घर हादरतं. तीन आठवड्यांनी करूनही पॉझिटिव्ह आली, किंवा मळमळ, छाती जड होणं चालूच राहिलं, तर पुन्हा पुन्हा पट्ट्या आणत बसू नका, फोन करा.

आणि पुढची पाळी यायच्या आधीही दिवस जाऊ शकतात. गर्भ राहण्याची शक्यता दोन आठवड्यांच्या आतच परत येते. गर्भनिरोधक गोळ्या हव्यात की तांबी की दंडातली काडी, हे पहिल्या बोलण्यातच नर्स विचारते, तेव्हा "नंतर बघू" म्हणू नका. गोळ्या कित्येकदा त्याच पाकिटातून पाठवतात.

पाळी साधारण चार ते सहा आठवड्यांत येते. ती आली की फोनमध्ये टिपून ठेवा. तारीख बरं का, तिथी नको.